ड्रॉइंग करताना अँटी-अलायझिंग बंद कसं करायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँटी-अलायझिंग म्हणजे नक्की काय असतं?

गणिताची चौकोनी वही आठवा. त्या वहीत तिरकी रेघ मारली तर ती काही चौकोनांतून पूर्ण जाते, काहींच्या नुसत्या कोपऱ्याला लागून जाते. कागदावर पेनाला त्याची फिकीर नसते, पण स्क्रीनवर प्रत्येक चौकोन म्हणजे एक पिक्सेल आणि एका पिक्सेलला एकच रंग मिळतो, अर्धा काळा अर्धा पांढरा असं चालत नाही. मग सॉफ्टवेअर काय करतं, तर रेघेने चौकोन जितका व्यापलाय तितका काळेपणा त्याला देतं. अर्धा व्यापला असेल तर शून्य ते २५५ च्या मापात साधारण १२८, म्हणजे मधला राखाडी. लांबून डोळ्याला हे राखाडी चौकोन वेगळे कळत नाहीत, कड गुळगुळीत वाटते.

बंद केलं की प्रत्येक पिक्सेल एक तर काळा नाहीतर पांढरा, मधलं काही नाही, आणि कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशची स्क्रीन ५१२ बाय ३४२ पिक्सेलची आणि त्यात फक्त काळं आणि पांढरं, राखाडी आणणार कुठून? तरी त्यावर माणसांनी काय सुंदर चित्रं काढली आहेत. त्यामुळे पायऱ्या दिसल्या म्हणजे चित्र वाईट असं डोक्यातून काढून टाका.

छान दिसतंय की मग, बंद कशाला करायचं?

कारण चित्र नेहमी फक्त बघायचंच नसतं, पुढे त्याच्यावर कोणीतरी किंवा काहीतरी काम करणार असतं. बकेट टूल रंग भरणार असतं, स्क्रीन प्रिंटिंगवाला त्याची फिल्म काढणार असतो, मागावर ते विणलं जाणार असतं. आणि या सगळ्यांना प्रत्येक पिक्सेलबद्दल एकच प्रश्न पडतो, हो की नाही, आत की बाहेर, शाई की कोरं. राखाडी पिक्सेल त्याला "थोडंसं हो" असं उत्तर देतो आणि तिथे सगळं बिघडतं.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम ठेवलाय आणि या पानावरची बाकीची उत्तरं त्यातूनच येतात : काम चालू असताना कडा कडक ठेवायच्या, गुळगुळीतपणा अगदी शेवटी आणायचा, तोही चित्र लहान करताना आपोआप येतो तेवढाच. खाली सविस्तर आहेच.

बकेटने रंग भरला की रेघेच्या आतून पांढरी किनार राहते, ती जातच नाही, काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक लोक इथूनच या विषयाकडे वळतात.

होतं असं की बकेट टूल तुम्ही क्लिक केलेल्या पिक्सेलचा रंग बघतं आणि त्याच्याशी जुळणारे शेजारचे पिक्सेल भरत जातं. किती जुळायला हवं ते टॉलरन्स किंवा थ्रेशोल्ड ठरवतं, फोटोशॉपमध्ये मुळात ३२ असतो, गिंपमध्ये १५. आता पांढऱ्यातून काळ्या रेघेकडे जाताना मध्ये दोनतीन राखाडी पिक्सेल लागतात, त्यातला एखादा फिकट बकेटला पांढऱ्यासारखा वाटतो म्हणून भरला जातो, पण त्यापुढचा जरा गडद असला की तो रंगाची हद्द समजला जातो आणि तसाच राहतो. तीच तुमची किनार. टॉलरन्स वाढवला तर किनार जाते पण मग कुठेतरी बारीक रेघ ओलांडून रंग पलीकडे सांडतो, आणि मग माणूस तासभर ते एका आकड्याने वर, एका आकड्याने खाली करत बसतो. मी बसलोय, कितीदा तरी.

मुळापासून उपाय म्हणजे रेघच अँटी-अलायझिंग बंद करून काढायची. मग मध्ये राखाडी काहीच नाही, टॉलरन्स शून्य ठेवला तरी रंग बरोबर रेघेला टेकतो. आणि नंतर रंग बदलायचा झाला, साडी हिरवीची निळी करायची झाली, तर एका क्लिकमध्ये पूर्ण साडी बदलते, कडेला हिरवट धागे उरत नाहीत. पाचपन्नास पानांचं कॉमिक रंगवणारे लोक जे सपाट रंग आधी भरून घेतात ते याचसाठी कडक कडांनी भरतात.

रेघ मऊच हवी असेल तर दुसरा मार्ग : रेघेचा लेयर, म्हणजे चित्राचा वेगळा थर, वर, रंगाचा लेयर खाली, आणि रंग रेघेच्या खाली एकदोन पिक्सेल सरकवायचा. क्रिटाच्या फिल टूलमध्ये ग्रो नावाचं सेटिंग आहे, क्लिप स्टुडिओमध्ये एरिया स्केलिंग आहे, फोटोशॉपमध्ये सिलेक्शन करून सिलेक्ट, मॉडिफाय, एक्सपांड. गिंपमध्ये २.१० मालिकेपासून बकेटलाच लाइन आर्ट ओळखून भरायचा पर्याय आलाय, तो रेघेतल्या बारीक फटीही सांभाळून घेतो. क्रिटातला कलराइझ मास्क पण बघा, प्रत्येक भागात रंगाचा एक फराटा मारायचा आणि बाकीचं तो भरतो.

बंद करायचं बटण कुठे असतं?

एक बटण नसतं, आणि सगळा गोंधळ त्याच्यामुळेच होतो. अँटी-अलायझिंग पेनमध्ये वेगळं असतं, खोडरबरात वेगळं, बकेटमध्ये वेगळं, सिलेक्शनच्या टूलमध्ये वेगळं, टेक्स्टमध्ये वेगळं आणि चित्र लहानमोठं करताना किंवा फिरवताना परत वेगळं. लोक पेनमधलं बंद करतात आणि मग खोडरबर वापरतात, त्या खोडरबराने खोडलेली कड मऊ होते, आणि म्हणतात बंद केलं तरी होतंच आहे. लासोने, म्हणजे हाताने घेर काढून भाग निवडायच्या टूलने, चित्रातला एखादा हात कापून थोडा बाजूला सरकवला तरी तेच, कारण लासोची कड मऊ होती.

काम सुरू करायच्या आधी ही सहा ठिकाणं एकदा बघून घ्या. एकदाच करावं लागतं, बहुतेक सॉफ्टवेअर लक्षात ठेवतात.

फोटोशॉपमध्ये?

ब्रश टूल वापरू नका, पेन्सिल टूल वापरा, ब्रशवर क्लिक दाबून धरलं की त्याच्याच खाली सापडतं. फोटोशॉपचा नेहमीचा ब्रश कायम मऊ कडेचाच असतो, त्याला अँटी-अलायझिंगची टिक नाहीच, त्यामुळे शोधत बसू नका. खोडरबर घेतल्यावर वरच्या पट्टीत मोड दिसतो तिथे ब्रशच्या जागी पेन्सिल करा.

पेंट बकेट, मॅजिक वाँड, लासो आणि गोल मार्की या सगळ्यांच्या पट्टीत अँटी-अलायझ अशी टिक आहे, ती काढा. चौकोनी मार्कीत ती टिक करडी दिसते कारण सरळ कडेला मऊ करण्यासारखं काही नसतंच. शेप टूल पिक्सेल्स मोडमध्ये असेल तर त्यालाही टिक आहे. टेक्स्टला नन करा. फ्री ट्रान्सफॉर्म चालू असताना वरच्या पट्टीत इंटरपोलेशन असतं, म्हणजे आकार बदलताना नव्या पिक्सेलचा रंग कसा ठरवायचा ते, तिथे निअरेस्ट नेबर (सगळ्यात जवळच्या पिक्सेलचा रंग जसाच्या तसा उचलणारं), आणि इमेज साइझमध्येही तेच, म्हणजे चित्र मोठं करायचं असेल तेव्हा.

गिंप?

इथे पण तीच गंमत, पेंटब्रश नाही तर पेन्सिल. तुम्ही कितीही मऊ ब्रश निवडा, पेन्सिल टूल त्याची कड कडकच करतं. खोडरबराच्या ऑप्शनमध्ये हार्ड एज आहे, त्यावर टिक करा. फ्री सिलेक्ट, गोल सिलेक्ट, बकेट आणि टेक्स्ट सगळ्यांत अँटी-अलायझिंगची टिक आहे ती काढा, फेदर चालू असेल तर तेही बंद. स्केल करताना इंटरपोलेशन नन.

क्रिटा?

क्रिटा फुकट आहे आणि माझं रोजचं काम त्यातच चालतं म्हणून जरा जास्त सांगतो. सगळ्यात सोपं म्हणजे ब्रश प्रीसेटमध्ये पिक्सेल आर्टचे तयार ब्रश आहेत, ते घ्या आणि सुरू करा. पण तुम्हाला तुमचाच आवडता ब्रश कडक करायचा असेल तर एफ५ दाबून ब्रश एडिटर उघडा, ब्रश टिपमध्ये ऑटो वाल्या भागात अँटी-अलायझिंगची टिक आहे ती काढा आणि नवीन नावाने सेव्ह करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी विसरायला होतं की कुठला कुठला. त्याच यादीत शार्पनेस नावाचं एक सेटिंग आहे, ते ब्रशच्या कडेवर थ्रेशोल्ड लावतं, म्हणजे टेक्श्चर असलेला ब्रश पण काळा किंवा कोरा असाच उठतो. खडूसारखी खरखरीत पण कडक रेघ हवी असेल तर हे करून बघाच.

क्रिटात खोडायला वेगळं टूल नाही, ई दाबलं की चालू ब्रशच खोडायला लागतो, त्यामुळे ब्रश कडक तर खोडरबर पण कडक. सरळ रेघ, चौकोन, गोल हे सगळं पण चालू ब्रशनेच काढलं जातं. फिल आणि सिलेक्शन टूलच्या ऑप्शनमध्ये मात्र टिक वेगळी काढावी लागते.

क्लिप स्टुडिओ पेंट?

यात सगळ्यात नीट सोय आहे, जपानी मांगावाल्यांना लागतंच म्हणून असेल. पेन घेतलं की टूल प्रॉपर्टीत अँटी-अलायझिंगसमोर चार टप्पे दिसतात, पहिला टप्पा म्हणजे अजिबात नाही. शिवाय लेयरचाच एक्स्प्रेशन कलर मोनोक्रोम करता येतो, मग त्या लेयरवर राखाडी उमटूच शकत नाही, चुकून मऊ पेन घेतलं तरी. छापायचं काळं-पांढरं काम असेल तर हे करा, निश्चिंत राहता.

प्रोक्रिएटमध्ये तर कुठे टिकच नाही?

ब्रशला सरळ टिक नाही, बरोबर. ब्रश स्टुडिओत शेपच्या भागात शेप फिल्टरिंग आहे, ते नो फिल्टरिंग करा, शेप सोर्सला भरीव चौकोन द्या आणि ओपॅसिटीवरचं (रंग किती गडद उमटणार त्यावरचं) प्रेशर काढून टाका. ट्रान्सफॉर्म करताना खाली निअरेस्ट नेबर निवडा, हे फार महत्त्वाचं आहे कारण आयपॅडवर बोटाने चित्र उचलून जरा हलवलं तरी ट्रान्सफॉर्म होतो आणि कडा जातात.

साई, पेंट डॉट नेट, साधं पेंट?

साईमध्ये बायनरी पेन. पेंट डॉट नेटमध्ये वरच्या टूलबारवरच अँटी-अलायझिंग चालू-बंद करायचं बटण आहे. विंडोजच्या साध्या पेंटमध्ये पेन्सिल कडक आहे, पण विंडोज ७ पासून त्यातले आकार आणि रेघा मऊ कडेच्या झाल्या, त्यामुळे "पेंटमध्ये काढलं म्हणजे कडकच" असं धरून चालू नका.

इंकस्केपमध्ये बंद केलं पण एक्स्पोर्टमध्ये?

इंकस्केपचं चित्र व्हेक्टर असतं, म्हणजे रेघा आणि वळणं गणिताने साठवलेली, त्यात पिक्सेल नसतातच, एक्स्पोर्ट करताना तयार होतात, त्यामुळे प्रश्न फक्त तिथेच येतो. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये अँटी-अलायझिंगची टिक आहे. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्समधली जी टिक आहे ती फक्त स्क्रीनवर दिसण्यापुरती आहे, एक्स्पोर्ट करताना वेगळं नन निवडावं लागतं.

मी स्मूदिंग शून्य केलं तरी कडा मऊच आहेत!

ते स्मूदिंग वेगळं. फोटोशॉपच्या ब्रशवर जे स्मूदिंग टक्क्यांत दिसतं, किंवा इतर ठिकाणी ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात, ते तुमच्या हाताची थरथर कमी करतं. रेघ कुठून जाणार ते ठरवतं, रेघेची कड कशी दिसणार ते नाही. दोन्हींना मराठीत आपण "गुळगुळीत" म्हणतो आणि इंग्रजी मेनूत पण नावं सारखीच वाटतात, म्हणून नेटवर शोधताना भलतंच उत्तर मिळतं. स्टॅबिलायझर खुशाल चालू ठेवा, कडक कडेच्या रेघेला तर त्याची जास्त गरज असते, कारण थरथर लपवायला राखाडी पिक्सेल नसतात.

हार्डनेस १०० टक्के केला तर?

नाही. हार्डनेस म्हणजे ब्रशचा मऊ भाग किती रुंद. १०० केला तरी अगदी कडेला एक पिक्सेलभर मऊपणा राहतोच.

अँटी-अलायझिंग खरंच बंद आहे, तरी रेघेत अर्धवट रंग येतोय

पेन टॅब्लेट वापरताय ना? मग बघा, प्रेशर ओपॅसिटीला जोडलेलं असणार. हलका दाब दिला की ३० टक्के काळा, जोरात दिला की पूर्ण काळा, म्हणजे राखाडी मागच्या दाराने आलाच. प्रेशर फक्त साइझला ठेवा, ओपॅसिटी आणि फ्लो दोन्हींवरून काढा आणि दोन्ही १०० वर ठेवा.

खरंच बंद झालंय हे ओळखायचं कसं?

८०० टक्के झूम करा आणि तिरक्या रेघेची कड बघा. पण पूर्ण पान असं बघणं शक्य नाही, म्हणून गिंपमध्ये कलर्स, इन्फो मध्ये कलरक्यूब ॲनालिसिस आहे, ते चित्रात एकूण किती वेगळे रंग आहेत ते मोजून सांगतं. काळ्या-पांढऱ्या चित्रात २ यायला पाहिजे. २ आले तर झालं, १८० आले तर कुठेतरी मऊ कड शिरलीय. मी फाइल प्रिंटरकडे पाठवायच्या आधी हे दर वेळी करतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

झूम करताना एक लक्षात ठेवा, ६७ टक्के किंवा ३३ टक्के अशा अर्धवट झूमवर सॉफ्टवेअर दाखवताना स्वतःच कडा मऊ करून दाखवतं. कॅनव्हास फिरवून बघताना पण तसंच. १००, २००, ४०० वर बघा आणि मग ठरवा.

आधीच मऊ कडांनी काढून झालंय, सगळं परत काढू का?

नको नको. थ्रेशोल्ड लावा. फोटोशॉपमध्ये इमेज, ॲडजस्टमेंट्स मध्ये आहे, गिंपमध्ये कलर्समध्ये, क्रिटात फिल्टरमध्ये. १२८ च्या वरचं सगळं पांढरं, खालचं काळं. आकडा सरकवला की रेघ जाड-बारीक होते, ते बघून ठरवा. पारदर्शक लेयरवरची रेघ असेल तर गिंपमध्ये लेयर, ट्रान्सपरन्सी मध्ये थ्रेशोल्ड अल्फा आहे.

फक्त कमी रेझोल्यूशनच्या चित्राला थ्रेशोल्ड लावला तर बारीक रेघा तुटतात, कारण एक पिक्सेल रुंदीची तिरकी रेघ मऊ असताना दोन फिकट राखाडींवर उभी असते आणि दोन्ही पांढऱ्यात जातात. त्यावर एक युक्ती आहे : आधी चित्र दुप्पट किंवा चौपट मोठं करा, बायक्युबिकने, म्हणजे मऊपणा ठेवूनच, आणि मग थ्रेशोल्ड लावा. राखाडी पिक्सेलमध्ये कड नेमकी कुठे होती याची माहिती असते, मोठं केल्यावर ती माहिती वापरली जाते आणि कड पुष्कळ चांगली येते. पेन्सिलने कागदावर काढून स्कॅन केलेल्या चित्रालाही हेच.

पायऱ्या दिसतायत, छापल्यावर पण दिसतील का?

रेझोल्यूशन किती, म्हणजे छापताना एका इंचात किती पिक्सेल (डीपीआय), त्यावर आहे. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं, ६०० ला ४९६० बाय ७०१६. ६०० डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे ०.०४२ मिलिमीटर, हातात धरलेल्या कागदावर ती पायरी डोळ्याला दिसत नाही. ३०० ला बारकाईने बघणाऱ्याला तिरक्या रेघेत थोडी जाणवते. १५० ला करवत दिसते.

म्हणून काळं-पांढरं रेघचित्र असेल, दिवाळी अंकासाठी वगैरे, तर ६०० डीपीआयला आणि कडक कडेने काढा. मोठ्या फाइलला घाबरू नका, खरं तर उलटं होतं : ६०० डीपीआयचं ए४ पान आरजीबीमध्ये साधारण १०४ एमबी होतं, पण तेच एक-बिट काळं-पांढरं केलं तर दाबून लहान न करताही ४.३५ एमबी. फोटोशॉपमध्ये आधी ग्रेस्केल, मग मोडमध्ये बिटमॅप, आणि पद्धत ५० टक्के थ्रेशोल्ड.

राखाडी कडेची रेघ छपाईत का बिघडते तेही सांगतो. छापखान्यात एकरंगी कामात राखाडी शाई नसते, राखाडी दाखवायला यंत्र बारीक ठिपके पाडतं. रेघेच्या कडेला राखाडी असेल तर तिथेही ठिपके पडतात, आणि जी कड तुम्ही गुळगुळीत म्हणून पाठवली ती केसाळ होऊन येते.

टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगला?

इथे तर बंद करणं सक्तीचंच समजा. फिल्म किंवा ट्रेसिंगवर काळा प्रिंट काढतात, तो कोटिंग केलेल्या जाळीवर ठेवून उजेड देतात, काळ्याखालचं कोटिंग मऊ राहतं आणि धुतल्यावर निघून जातं, तिथून शाई उतरते. काळं म्हणजे पूर्ण उजेड अडवणारं पाहिजे. कडेचा राखाडी अर्धा उजेड सोडतो किंवा ठिपके होऊन येतो, मग जाळी धुताना कड कुठे निघते कुठे राहते. मंडळाच्या टी-शर्टचं एक काम मी सुरुवातीला मऊ कडांनी दिलं होतं, दोन रंगांचं, गणपतीची बाह्यरेषा आणि आत भगवा. दोन्ही रंगांच्या फायलींत कडेचे राखाडी पिक्सेल गेले, आणि भगव्या-काळ्याच्या मध्ये कुठे पांढरी फट, कुठे तपकिरी डाग. चूक छापणाऱ्याची नव्हती, फाइल माझी होती. तेव्हापासून प्रत्येक रंग वेगळ्या लेयरवर, कडक कडेने, आणि खालचा रंग वरच्याच्या खाली थोडा शिरलेला, असंच देतो.

लग्नपत्रिकेवरच्या एकरंगी गणपतीला किंवा सनई-चौघड्यालाही हेच लागू.

विणकामाचं डिझाइन काढायचंय, तिथे काय?

मला या विषयातला हा सगळ्यात आवडता भाग आहे. जॅकार्डचा माग १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये लियोंला जोसेफ मारी जॅकार्डने आणला, त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकं असायची. भोक असलं तर ताण्याचा धागा उचलायचा, नसलं तर नाही. अर्धं भोक नसतं. आज पट्ट्यांच्या जागी कॉम्प्युटर आला तरी धागा उचलला किंवा नाही उचलला, तिसरं काही नाही.

त्यामुळे जॅकार्डच्या फाइलमध्ये एक पिक्सेल म्हणजे एक ताणा आणि एक बाणा जिथे भेटतात ती जागा. सोलापूरची चादर जवळून बघा, तिच्या नक्षीतल्या तिरक्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्याच असतात, आणि त्या पायऱ्या म्हणजे धागे आहेत. पैठणीच्या काठापदराची नक्षी पण चौकोनी ग्राफवर मांडली जाते, मोराची मान कितीही वळणदार असली तरी ती शेवटी चौकोन मोजूनच वळते. अशा फाइलमध्ये मऊ कड गेली तर मोराच्या निळ्या आणि हिरव्याच्या मध्ये दहाबारा भलतेच रंग तयार होतात आणि प्रत्येक रंगाला वेगळा धागा कुठून आणायचा?

म्हणून आधी किती रंगांचे धागे आहेत ते ठरवा, फाइल इंडेक्स्ड मोडमध्ये (ठरावीक रंगांचीच यादी असलेल्या) तेवढ्याच रंगांची करा, डिदर, म्हणजे दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसरा भासवणं, बंद ठेवा, आणि मगच काढायला घ्या. क्रॉस-स्टिचच्या भरतकामालाही अगदी असंच.

रेडियम कटिंगसाठी?

रेडियमवाल्याला व्हेक्टर लागतो, पिक्सेल नाही. चित्र मोठ्या रेझोल्यूशनला, थ्रेशोल्ड लावून पूर्ण काळं-पांढरं करा आणि मग ट्रेस करा. इंकस्केपमधलं ट्रेस बिटमॅप आतून पोट्रेस नावाचा प्रोग्राम वापरतं आणि ते दोनच रंगांवर चालतं, त्यामुळे कड कुठे धरायची ते तुम्हीच थ्रेशोल्डने ठरवलेलं बरं.

चित्रात मराठी अक्षरं आहेत, त्यांचं पण बंद करू?

लहान अक्षरांचं करू नका. देवनागरीला अनुस्वार, रफार, उकार, जोडाक्षरांचे अर्धे भाग इतकं काही थोड्या जागेत बसवावं लागतं, १२-१४ पिक्सेल उंचीला अँटी-अलायझिंग काढलं तर "ष्ट" आणि "ष्ठ" एकसारखे दिसायला लागतात. मोठ्या शीर्षकाचं बंद करायला हरकत नाही.

शिरोरेषेची एक गंमत आहे. ती आडवी असते म्हणून तिला मऊ करायची गरजच नसते, पण अक्षरं पिक्सेलच्या ओळीवर बरोबर बसली नाहीत तर एक काळी ओळ येण्याऐवजी दोन राखाडी ओळी येतात आणि पूर्ण शब्द धुरकट दिसतो. अँटी-अलायझिंग बंद न करता अक्षरांचा लेयर अर्धा पिक्सेल वर किंवा खाली सरकवून बघा, किंवा साइझ एखाद्या आकड्याने बदला, शिरोरेषा एकदम स्वच्छ होते.

पिक्सेल आर्टमध्ये रेघ कडक आहे पण ओबडधोबड दिसते

ती अँटी-अलायझिंगची नाही, पायऱ्यांच्या लांबीची अडचण आहे. वळणात पायऱ्यांची लांबी क्रमाने बदलली पाहिजे, ४, ३, २, १, १, २, ३ अशी. ४, १, ३, १ अशी झाली की डोळ्याला खटकते. कोपऱ्यावर जोडून आलेले जादा पिक्सेल पण काढा, ॲसेप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेल-परफेक्ट चालू केलं की ते आपोआप निघतात. आणि कलाकार स्वतः हाताने दोनचार मधले रंग कडेला ठेवतात तेही चालतं, कारण तिथे रंग कुठला आणि कुठे हे तुम्ही ठरवलेलं असतं.

मोठं करताना आणि फिरवताना?

मोठं करायचं तर पूर्ण पटीत, दोनपट, तीनपट, चारपट, निअरेस्ट नेबरने. दीडपट केलं तर काही पिक्सेल दोनाचे होतात काही एकाचेच राहतात, चेहरा वाकडा दिसतो. फिरवायचं तर ९० च्या पटीत काही नुकसान नाही, पण १५ अंश वगैरे फिरवलं तर कडक रेघ जागोजाग तुटते, म्हणून फिरवाफिरवी कच्च्या स्केचमध्येच उरकून घ्या आणि शाई नंतर करा.

सेव्ह कशात करू?

पीएनजी. जेपीईजी अजिबात नको, ते ८ बाय ८ पिक्सेलचे गट करून दाबतं आणि कडक कडेभोवती धुरासारखे डाग पाडतं, म्हणजे तुम्ही बंद केलेलं सगळं परत येतं, तेही वाईट रूपात. एकदा जेपीईजी झालेली फाइल परत पीएनजी केली तरी डाग जात नाहीत. प्रिंटरला वॉट्सॲपवर पाठवायची असेल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ग्राफिक कार्डच्या सेटिंगमध्ये पण अँटी-अलायझिंग आहे, ते बंद करू का?

ते गेमसाठी, थ्रीडीसाठी. तुमच्या ब्रशच्या कडेशी त्याचा संबंध नाही, आहे तसं राहू द्या.

काम संपलं, आता इंस्टाग्रामला टाकायचंय, पायऱ्या नकोत. परत मऊ कसं करू?

काहीच लावू नका, ब्लर तर नकोच. चित्र फक्त लहान करा. ६०० डीपीआयचं ३०० केलं की प्रत्येक चार पिक्सेलचा मिळून एक होतो, त्यातले किती काळे किती पांढरे त्यावरून राखाडीच्या पाच पायऱ्या आपोआप मिळतात. चौपटीने लहान केलं तर सोळाचा एक, म्हणजे सतरा पायऱ्या. कड सुंदर येते, सुरुवातीपासून मऊ पेनने काढलेल्या चित्रात आणि यात फरक ओळखू येत नाही.

लहान करताना मात्र बायक्युबिक किंवा बायलिनिअर निवडा. इथे निअरेस्ट नेबर राहिलं, आधीच्या कामामुळे बऱ्याचदा तेच निवडलेलं असतं, तर ते चारातला एकच पिक्सेल उचलतं आणि बारीक रेघा गळून पडतात, पापण्या आणि मिशा पहिल्यांदा जातात. आणि ही लहान प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करा, मूळ कडक कडेची मोठी फाइल हात न लावता ठेवून द्या, कारण पुढच्या वर्षी कोणीतरी तेच चित्र टी-शर्टवर मागणार असतं.